ओवणाऱ्यांचा इतिहास : काचेच्या मण्यांची फुले आणि व्हेनिसच्या स्त्रिया

दागिन्यांचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग द्रव्याचे : सोने कोठून आले, मोती कोणत्या समुद्रातला, काच कोणत्या भट्टीतली. दुसरे अंग वापरणाऱ्यांचे : कोणत्या राणीने तो दागिना घातला, कोणत्या चित्रात तो दिसतो, कोणत्या काळी त्याची चाल पडली. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा असते. द्रव्याचा दागिना होतो ती ही जागा. तेथे कोणीतरी तासन्‌तास बसून ओवलेले असते, गुंफलेले असते, तारा पिळलेल्या असतात. या जागेविषयी ग्रंथांत थोडे सापडते. आणि काम स्त्रियांचे असेल तर त्याहूनही थोडे.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका वस्तूचा विचार करणार आहोत. मोहरीएवढे, कधी त्याहूनही बारीक काचेचे मणी तारेत ओवायचे, त्या तारेला पाकळीचा आकार द्यायचा, पाकळ्या जुळवून फूल करायचे आणि ते फूल ब्रोच, कर्णफूल, हार किंवा केसांतले आभूषण म्हणून वापरायचे, हा प्रकार युरोपात आणि पुढे अमेरिकेत दीर्घकाळ चालत आला. दुकानात शोभेची वस्तू म्हणून तो आजही दिसतो. त्याचा इतिहास शोधू गेल्यास काच करणाऱ्या गावांची नावे सापडतात, कारखान्यांची सापडतात, पुढे-पुढे दागिन्यांची पेढी चालवणाऱ्यांचीही सापडतात. फूल ज्यांनी केले त्यांची नावे मात्र सापडत नाहीत. अशा वेळी इतिहास कोणत्या पुराव्यावर उभा करायचा, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही. लोकगीतांचा कर्ता शोधताना आपण याच भिंतीशी येऊन थांबत असतो.

१. नळीचा मणी

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून शेजारच्या मुरानो बेटावर नेल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आगीचे भय हे त्याचे एक कारण होते. एका बेटावर सगळे कारागीर असले की त्यांच्या विद्येवर पहाराही ठेवता येतो. मुरानोचे नाव झाले ते पेल्यांमुळे, आरशांमुळे आणि झुंबरांमुळे. परंतु व्हेनिसच्या काचेचा फार मोठा भाग याहून सामान्य रूपात जगभर गेला आणि ते रूप म्हणजे मणी. बारीक मण्यांना तेथे ‘कोन्तेरिये’ असे नाव होते. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर गेले, अमेरिकेत गेले आणि पूर्वेकडेही आले. आफ्रिकेत त्यांच्या मोबदल्यात हस्तिदंत घेतले गेले आणि माणसेही घेतली गेली. मण्याच्या चकाकीविषयी बोलताना व्यापाराची ही बाजू विसरून चालणार नाही.

हा मणी एकेक करून घडवलेला नसतो. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी दांड्यावर घेत आणि त्यात हवेची पोकळी ठेवून दुसऱ्या बाजूला दुसरा दांडा चिकटवीत. मग एक माणूस गोळा धरून उभा राही आणि दुसरा दांडा घेऊन विरुद्ध दिशेला वेगाने चालू लागे. काच थंड होण्याच्या आत तिची बारीक, लांबच लांब नळी होई. ती शंभर मीटरपर्यंतही खेचली जाई. विशेष असा की, गोळ्यातील पोकळी नळी कितीही बारीक झाली तरी शेवटपर्यंत टिकते. मण्याचे भोक म्हणजे ही पोकळीच. पुढे नळीचे तुकडे करून ते जाडीनुसार वेगळे काढत आणि मग त्यांचे अगदी लहान काप पाडत. या कापांच्या कडा धारदार असत. त्या बोथट करण्यासाठी ते पुन्हा तापवावे लागत. पण तापवताना भोके बुजू नयेत म्हणून आधी त्यांत चुना आणि कोळशाची पूड भरली जाई. शेवटी मणी धुऊन, कोंड्यात घोळून उजळले जात आणि चाळण्यांतून आकारानुसार निराळे केले जात.

येथवरची प्रक्रिया काचेविषयीच्या बहुतेक पुस्तकांत सविस्तर सापडते. आग, धावणारी माणसे, शंभर मीटरची नळी हे सारे वर्णनाला सोयीचे आहे. पण चाळणीतून पडलेला मण्यांचा ढीग विकता येत नाही. परगावच्या व्यापाऱ्याला तो मोजून, रंगवार, आकारवार, दोऱ्यात ओवलेल्या लडींच्या रूपात हवा असतो. तेथून पुढचे काम कारखान्याच्या भिंतीबाहेर जाते.

२. सुयांचा पंखा

हे काम करणाऱ्या स्त्रियांना व्हेनिसच्या बोलीत ‘इम्पिरारेस्से’ म्हणत. त्या बोलीत ‘इम्पिरार’ म्हणजे ओवणे. म्हणजे हा शब्द सरळ सरळ ‘ओवणाऱ्या’ असा आहे. कास्तेल्लो आणि कान्नारेज्यो या श्रमिकांच्या वस्त्यांत त्या मोठ्या संख्येने होत्या. उन्हाळ्यात घराबाहेर, अरुंद गल्लीत खुर्च्या मांडून त्या बसत, थंडीत घरात. मांडीवर लाकडी पसरट पात्र, त्यात मण्यांचा ढीग. उजव्या हातात वीतभर लांबीच्या अतिशय बारीक सुया असत. एकदोन नव्हेत, तर चाळीस-पन्नास किंवा त्याहूनही अधिक. त्या पंख्यासारख्या पसरून धरायच्या आणि मण्यांच्या ढिगातून हलकेच, सारख्या गतीने फिरवायच्या. प्रत्येक फेरीबरोबर काही मणी सुयांवर चढत. सुया भरल्या की मणी मागे लावलेल्या दोऱ्यांवर सरकवायचे. डोळ्यांनी एकेक भोक शोधून हे काम होत नाही. ते मनगटाच्या सवयीने होते. म्हणूनच मुली लहानपणापासून आईशेजारी बसून ते शिकत.

कारखाना आणि या स्त्रिया यांच्यामध्ये आणखी एक व्यक्ती असे. तिला ‘मिस्त्रा’ म्हणत. तीही स्त्रीच. कारखान्यातून मणी आणायचे, घरोघरी वाटायचे, ओवलेल्या लडी गोळा करायच्या आणि मजुरी चुकती करायची हे तिचे काम. ओवणारीची कारखान्याशी थेट गाठ पडत नसल्यामुळे कारखान्याच्या हिशेबात ती कामगार म्हणून क्वचितच येई. घरचे काम सांभाळून, मुलांकडे पाहत, गल्लीत गप्पा मारत केलेले हे काम. त्याला धंदा कोण म्हणणार? मजुरी लडींच्या नगावर. ती कमी असण्याचे समर्थन कामाच्या या ‘घरगुती’पणातूनच होत असे. घरात बसून केलेले काम हे अर्धे काम, ही समजूत केवळ व्हेनिसची नाही. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या किंवा पापड लाटणाऱ्या स्त्रियांचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही.

त्याच काळातील व्हेनिसच्या दुसऱ्या एका स्त्रीकामाशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. बुरानो बेटावरील सुईने विणायची लेस एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नामशेष झाली होती. १८७२ मध्ये तेथे लेसची शाळा निघाली आणि तिला सरदार घराण्यांचा आश्रय मिळाला. जुनी विद्या जिला अवगत होती त्या वृद्ध स्त्रीचे, चेंचा स्कार्पारियोला हिचे, नाव आजही त्या शाळेच्या इतिहासात घेतले जाते. लेसला ‘कला’ म्हणून मान्यता मिळताच तिच्या मागच्या एका हाताला नाव मिळाले. मणी ओवण्याला ती मान्यता नव्हती, म्हणून तेथे अशी एकही चेंचा आढळत नाही.

चित्रकारांना मात्र या स्त्रिया दिसल्या. जॉन सिंगर सार्जंट याने १८८० ते १८८२ या काळात व्हेनिसच्या मणी ओवणाऱ्यांचे चित्र रंगवले. अंधाऱ्या दालनातील त्या आकृती आजही कलाप्रेमींना ठाऊक आहेत. शीर्षकात त्यांचा व्यवसाय आहे, नावे नाहीत. चित्रकाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे एक दृश्य होते आणि त्याने ते उत्तम टिपले. परंतु काम दिसणे आणि काम नोंदले जाणे यांत अंतर असते. नोंदीचा एक महत्त्वाचा प्रयत्न १८९३ मध्ये झाला. इरेने निन्नी या लेखिकेने ‘इम्पिरारेस्सा’वर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तीत त्यांची साधने, त्यांचे बोलीतले शब्द, त्यांच्या कामाची रीत यांचे वर्णन केले. या विषयाकडे वळणाऱ्या अभ्यासकांना त्या पुस्तिकेचा आधार आजही घ्यावा लागतो.

३. दोरा निघतो, तार येते

आता फुलाकडे वळू. लडीतला मणी फुलात जातो तेव्हा काय घडते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

मण्यांचे फूल करण्याच्या दोन मुख्य रीती आजच्या हस्तकलेच्या पुस्तकांत सांगितलेल्या असतात. पहिलीला ‘फ्रेंच’ म्हणतात. तीत बारीक तारेचे रीळ घेऊन, तार न तोडता, तीवर पुष्कळ मणी आधीच ओवून ठेवतात. मग मधला एक सरळ दांडा करून त्याच्या भोवती मणी असलेली तार एकदा वरून, एकदा खालून अशी फिरवत नेतात. एकाबाहेर एक अशा कमानी उभ्या राहतात आणि पाकळी रुंद होत जाते. दांड्याला तार कोणत्या कोनात वळवली यावर पाकळीचे टोक गोल होईल की टोकदार, हे ठरते. दुसऱ्या रीतीला ‘व्हिक्टोरियन’ म्हणतात. तीत तारेची दोन्ही टोके मण्यांच्या एकाच ओळीतून परस्परविरुद्ध दिशांनी काढतात आणि ओळीवर ओळ रचत जातात. प्रत्येक ओळीत मणी वाढवला वा कमी केला की पानाची रुंदी बदलते. पहिल्या रीतीने मोठी, डौलदार फुले होतात. दुसरीने लहान, घट्ट विणीची. दागिन्यासाठी दुसरी अनेकदा सोयीची पडते. पाकळ्या तयार झाल्या की त्यांच्या तारा एकत्र पिळून देठ होतो, किंवा जाळीदार पत्र्याच्या भोकांतून तारा ओवून मागे आवळल्या की ब्रोच होतो.

फ्रेंच रीतीतील पहिलीच पायरी आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मणी लडीतून तारेवर घेताना एकेक उचलत नाहीत. लडीतील दोरा किंचित ताणून धरतात आणि मणी दोऱ्यावर असतानाच त्यांच्या भोकांतून तार आत सरकवतात. मग दोरा ओढून काढतात. मण्यांची ओळ जशीच्या तशी तारेवर राहते. गल्लीत बसलेल्या स्त्रीने सुयांच्या पंख्याने जी ओळ लावली तीच फुलात शिरते, फक्त तिचा दोरा बाहेर पडतो. तयार फुलात त्या ओवण्याचा मागमूस उरत नाही. दोन स्त्रियांचे काम तेथे एकावर एक रचलेले असते आणि पहिलीचे काम दुसरीच्या कामात पूर्णपणे विरून गेलेले असते. इतिहासात या स्त्रियांचे जे झाले तेच वस्तूत त्यांच्या दोऱ्याचे झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४. न कोमेजणारी फुले

या फुलांचा सर्वांत मोठा ग्राहक कोण होता, असे विचारले तर उत्तर अनपेक्षित येईल. तो ग्राहक म्हणजे मृत्यू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी फ्रान्समध्ये समाधीवर वाहण्यासाठी मण्यांची पुष्पचक्रे मोठ्या प्रमाणावर केली जात. लोखंडी तारेच्या सांगाड्यावर काळ्या, पांढऱ्या, जांभळ्या मण्यांची फुले आणि पाने; कधी मण्यांनीच गुंफलेली आईला, पतीला, मुलाला उद्देशून अक्षरे. खरे फूल दोन दिवसांत सुकते. काचेचे फूल पावसात उभे राहते, उन्हात रंग सोडत नाही. त्याचा शेवट काचेने होत नाही. तो तार गंजल्याने होतो. पहिल्या महायुद्धाने तर शोकाचेच प्रमाण वाढवले. ज्या कुटुंबांना दूरच्या समाधीपर्यंत वारंवार जाता येत नव्हते त्यांना वर्षानुवर्षे टिकणाऱ्या फुलांचे मोल वेगळेच होते. अशी फुले करणाऱ्या स्त्रिया व्हेनिसमध्येही होत्या.

कृत्रिम फुले करणे हा त्या काळच्या पॅरिसमधील गरीब मुलींच्या हातचा एक नेहमीचा धंदा होता. एमिल झोलाच्या १८७७ मधील ‘लासोम्वार’ या कादंबरीत नाना ही मुलगी याच धंद्यात शिकाऊ म्हणून जाते. तेथील फुले मण्यांची नाहीत, कागदा-कापडाची आहेत. परंतु लहान मुली, नगावरची मजुरी, तारेने देठ बांधणे आणि वर्षभर फुलांमध्ये राहूनही ऋतूशी संबंध नसणे हे सारे सारखेच आहे. कादंबरीकाराने त्या कामाची जागा नोंदवली याचे कारण त्याला तेथील माणूस हवा होता. वस्तूंचा इतिहास लिहिणारे तेथे बहुधा उशिरा पोचले.

५. पेढीचे नाव

विसाव्या शतकात हे फूल समाधीवरून पुन्हा अंगावर आले. त्यात न्यूयॉर्कच्या मिरियम हॅस्केल यांच्या पेढीचा वाटा मोठा आहे. हॅस्केल (१८९९–१९८१) यांनी १९२६ मध्ये तेथील मॅकाल्पिन हॉटेलात दुकान थाटले. मौल्यवान खडे नाहीत, सोने नाही. काचेचे मणी, कृत्रिम मोती आणि जाळीदार पत्र्यावर तारेने बांधलेली फुले, अशी त्यांच्या दागिन्यांची घडण होती. मणी व्हेनिसहून, फ्रान्सहून आणि बोहेमियातील याब्लोनेत्स या गावाहून येत. दुसऱ्या महायुद्धात ही आवक थांबली तेव्हा लाकूड, शिंपले, प्लास्टिक अशा द्रव्यांवर भागवावे लागले.

याब्लोनेत्सचेही स्वतंत्र प्रकरण आहे. जर्मन भाषेत ‘गाब्लोन्त्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या आसपास खेडोपाडी घरांतून काचेचे मणी आणि कृत्रिम दागिने तयार होत आणि एकोणिसाव्या शतकात ते व्हेनिसचे प्रबळ प्रतिस्पर्धी झाले होते. १९४५ नंतर चेकोस्लोव्हाकियातून तेथील जर्मनभाषकांना घालवून देण्यात आले. त्यांतील अनेक कारागिरांनी बव्हेरियात काउफबॉयरेन शहरालगत नवी वस्ती केली आणि तिला ‘नॉयगाब्लोन्त्स’, म्हणजे नवे गाब्लोन्त्स, असे नाव दिले. गाव गेले तरी हातातली विद्या बरोबर गेली आणि तिने परक्या जागी गावाचे नावही जिवंत ठेवले.

हॅस्केल यांच्या दागिन्यांविषयी दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, पेढीच्या नावामागे रचनाकार निराळा होता. फ्रँक हेस यांनी आरंभापासून १९६० पर्यंत तेथील बहुतेक रचना केल्या. पण दागिना ओळखला गेला तो हॅस्केल यांच्या नावाने. दुसरी, १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पेढीच्या बहुतेक दागिन्यांवर कोणतीच मुद्रा नव्हती. मग हे दागिने ओळखायचे कसे? जाणकार ते उलटे करून पाहतात. पुढच्या बाजूला फुले असतात. मागे आणखी एक जाळीदार पत्रा बसवलेला असतो आणि तारांची टोके त्याखाली झाकलेली असतात. तारा किती नेटकेपणाने आवळल्या आहेत, टोके बोचत नाहीत ना, दोन पत्रे कसे जुळवले आहेत, यांवरून परीक्षा होते. म्हणजे जेथे नाव कोरलेले नाही तेथे हाताची सवयच स्वाक्षरीचे काम करते. आणि ती सवय ना हॅस्केल यांची, ना हेस यांची. ती बाकावर बसून तारा बांधणाऱ्या कामगारांची आहे. बाजारात आज त्या दागिन्याची जी किंमत होते ती त्यांच्या हातावरच ठरते, नाव मात्र पेढीचे लागते.

१९६७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया नॅथॅन्सन यांचे मण्यांची फुले करण्याची रीत शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे हा छंद मध्यमवर्गीय घरांत पसरला. जी गोष्ट पोटासाठी केली जात होती ती आता फुरसतीत केली जाऊ लागली. हा बदल वाईट म्हणता येणार नाही. विद्या जिवंत राहिली ती या छंदामुळेच. परंतु छंद म्हणून शिकणाऱ्याला हे काम मुळातच निवांत, घरगुती आणि आनंदाचे वाटू लागते आणि त्यामागची नगावरची मजुरी सहज दृष्टिआड होते.

६. संप, गीत आणि ओवी

व्हेनिसच्या स्त्रिया मुक्या होत्या असे समजणे चूक ठरेल. १८९८ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन बारीक मण्यांची एक मोठी कंपनी स्थापन झाली. मालक एक झाले. १९०४ मध्ये मजुरीच्या प्रश्नावर मणी ओवणाऱ्यांनी संप केला. घराघरांत विखुरलेल्या, एकाच छताखाली कधीही काम न करणाऱ्या, कारखान्याच्या यादीत जवळपास नसलेल्या स्त्रियांनी संघटित व्हावे ही साधी गोष्ट नव्हती. एका अर्थाने त्यांची गल्ली हाच त्यांचा कारखाना होता. तेथे खुर्च्यांना खुर्च्या लागलेल्या असत आणि बातमी सुईपेक्षा वेगाने फिरत असे.

या स्त्रियांच्या नावाचे एक गीतही व्हेनिसच्या बोलीत आहे आणि ते आजही गायले जाते. त्यात ‘आम्ही’ बोलतो. दिवसभराचे यंत्रवत काम, अपुरे पैसे, अपमान आणि राग या ‘आम्ही’च्या तोंडून येतात. १९९० मध्ये व्हेनिसमधील तीन इतिहासकार स्त्रियांनी, आन्ना बेल्लाविती‍स, नादिया फिलिप्पिनी आणि मारिया तेरेसा सेगा यांनी, मणी आणि मणी ओवणाऱ्या यांच्यावर ग्रंथ संपादित केला. ओवणाऱ्यांना इतिहासाचा विषय म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले ते अशा प्रयत्नांतून. दुर्दैव असे की, १९९०च्या दशकाच्या आरंभीच मुरानोतील बारीक मण्यांची ती जुनी कंपनी बंद पडली. नोंद होऊ लागली तेव्हा काम संपत आले होते.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. ‘ओवी’ या शब्दाचा संबंध ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडण्याची आपल्याकडे परंपरा आहे. बाराव्या शतकात सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. म्हणजे आपल्या भाषेतील एका प्राचीन छंदाचा पहिला महत्त्वाचा उल्लेखच स्त्रियांच्या श्रमाबरोबर येतो. त्याही स्त्रियांची नावे तेथे नाहीत. पुढे काय करता येते याचे उदाहरणही मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यात ओवीबरोबर ती गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त पाळली आहे. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. नाव लिहून ठेवणे ही किती साधी आणि किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे व्हेनिसच्या उदाहरणाशेजारी ठेवल्यावर कळते.

आपल्या अंगावरची ‘पोत’ही याच प्रकारची. मंगळसूत्रातील काळे मणी, रुखवतात मांडलेली मण्यांची महिरप, दारावरचे मण्यांचे तोरण, यांतल्या कितींविषयी कोणी केले हे आपण सांगू शकतो? आजीने केले, एवढे कळले तरी पुष्कळ. बहुधा तेवढेही कळत नाही. दागिने गाठवून देणारा पटवेकरी निदान जातीच्या आणि आडनावाच्या रूपाने तरी नोंदीत आला. घरात ओवणारी स्त्री तेवढीही आली नाही.

७. उपसंहार

डिसेंबर २०२० मध्ये काचेच्या मण्यांची कला युनेस्कोच्या मानवी अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत इटली आणि फ्रान्स यांच्या संयुक्त नावाने समाविष्ट झाली. तिच्या अधिकृत परिचयाचा प्रारंभ काच हे द्रव्य आणि अग्नी हे तत्त्व यांच्यावरील प्रभुत्वाच्या उल्लेखाने होतो. तो यथार्थच आहे. काचेशिवाय मणी नाही आणि अग्नीशिवाय काच नाही. मात्र मण्याचे फूल होण्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात : दोरा आणि तार. त्यांना भट्टी लागत नाही, गुपित सूत्र लागत नाही. त्यांना वेळ लागतो, आणि तो कोणाचा तरी असतो.

नाव नसलेल्या कामाचा इतिहास कोणत्या पुराव्यावर उभा राहतो, हा प्रश्न आम्ही आरंभी उपस्थित केला होता. या उदाहरणातून चार पुरावे हाती लागतात. बोलीतला शब्द, जो काम करणारीला तिच्या क्रियेवरून ओळखतो. साधन, म्हणजे सुयांचा पंखा, जो हाताची गती सांगतो. गीत आणि संप, ज्यांत ती स्वतः बोलते. आणि चौथा पुरावा म्हणजे खुद्द वस्तू, मात्र ती उलटी करून पाहिली तर. साहित्याच्या वर्गात आपण ओळींमधले वाचायला शिकवतो. वस्तूच्या बाबतीत त्याच रीतीने मागची बाजू वाचायला शिकवता येईल. एखाद्या संग्रहालयात किंवा घरच्या पेटीत मण्यांचे फूल हाती आलेच, तर विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे : रंग नंतर पाहा, आधी तारेची टोके कोठे आणि कशी लपवली आहेत ते पाहा. लपवणाऱ्या बोटांचा माग तेथूनच लागतो.